विश्लेषण : 'एमबीबीएस'साठी रशियाला जाण्याआधी रशियन भाषा का शिकावी? मराठीचा फायदा कसा होतो?

दीपनगर : इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी केलेल्यांना आय. ई. इरोडोव हे नाव वेगळे सांगावे लागत नाही. त्यांच्या भौतिकशास्त्राच्या गणितांनी अनेकांची झोप उडवली आहे. मॉस्कोच्या 'मीर' प्रकाशनाचे हे पुस्तक आपल्यापर्यंत इंग्रजीतून पोहोचले. पण त्यांच्या नावातला 'ई' कशाचा? तो आहे 'येव्गेन्येविच', म्हणजे येव्गेनी यांचा मुलगा. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. आपल्याकडे लिहितात तसेच.

खान्देशातल्या अनेक घरांसाठी रशिया म्हणजे आज 'एमबीबीएस'. नीटचे गुण, फी, हॉस्टेल, जेवण या सगळ्याची चौकशी होते. भाषेचा विषय निघाला की 'तिथे गेल्यावर येईल' असे म्हणून तो संपतो. खरी अडचण इथूनच सुरू होते.

दीपनगरचा रशियाशी काय संबंध?

दीपनगरच्या वीज केंद्रातले २१० मेगावॅटचे संच १९८० च्या आसपासचे. त्या काळात असे संच बनवणाऱ्या 'भेल'चा हरिद्वारचा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला होता. 'भेल'च्या सुरुवातीच्या २१० मेगावॅट टर्बाइनची रचनाही लेनिनग्राडच्या कारखान्याची होती. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी मुंबईला युनेस्कोमार्फत सोव्हिएत तज्ज्ञ आणि उपकरणे मिळाली. नाशिकजवळच्या ओझर येथील 'एचएएल'मध्ये आधी मिग आणि नंतर सुखोई-३० एमकेआय विमाने तयार झाली.

यंत्रे आली, तशी त्यांची कागदपत्रे आली आणि ती वाचणाऱ्यांची गरजही निर्माण झाली. १९६५ मध्ये दिल्लीत रशियन अभ्यासाची स्वतंत्र संस्था सुरू झाली. पुढे ती जेएनयूचा भाग बनली.

कोर्स इंग्रजीत असेल, तर रशियन कशाला?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचे आणि इंग्रजी माध्यमातून हवे. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. म्हणजे वर्गात इंग्रजी चालेल. पण वॉर्डातला रुग्ण 'पोटात कुठे दुखते' हे रशियनमध्येच सांगणार. त्याचे म्हणणे कळले नाही, तर विद्यार्थी खाटेशेजारी नुसता उभा राहतो. इथे परत आल्यावर परीक्षा असते आणि पुढे रुग्णही असतात. तिथे न शिकलेले इथे कसे येणार?

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. रशियात नोकरी किंवा शिक्षण देतो असे सांगून तरुणांना युक्रेन युद्धात पाठवणाऱ्या एजंटांच्या जाळ्याविरुद्ध सीबीआयने मार्च २०२४ मध्ये गुन्हा दाखल केला. मजकूर समजत नसताना रशियन भाषेतल्या करारांवर सह्या घेतल्याच्या तक्रारी तेव्हा समोर आल्या. भाषा आल्याने प्रत्येक फसवणूक टळते असे नाही. पण सही कशावर करतोय, एवढे तरी कळते.

मराठी मुलांना ती सोपी जाते का?

पूर्ण सोपी नाही, पण सुरुवात शून्यापासूनही नाही. लिपीत ३३ अक्षरे आहेत. इंग्रजी 'पी'सारखे दिसणारे अक्षर 'र' वाचायचे, 'एच'सारखे दिसणारे 'न' आणि 'सी'सारखे दिसणारे 'स'. रोज थोडा सराव केला, तर दोन आठवड्यांत पाट्या वाचता येतात.

पुढे मराठी मदतीला येते :

• लिंग : हिंदीत दोन लिंगे आहेत. रशियनमध्ये मराठीसारखी तीन आहेत. 'तो वाचत होता' म्हणजे 'ऑन चिताल', 'ती वाचत होती' म्हणजे 'अना चिताला'. क्रियापद आपल्यासारखेच बदलते.

• विभक्ती : शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता इथे उपयोगी पडतो. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत. 'मस्क्वा' म्हणजे मॉस्को, 'व् मस्क्वे' म्हणजे मॉस्कोत आणि 'इझ मस्क्वी' म्हणजे मॉस्कोहून. जळगाव, जळगावात, जळगावहून म्हणतो तसेच.

• तू आणि तुम्ही : रशियनमध्ये त्यासाठी 'ती' आणि 'वी' आहेत. शिक्षकांना 'तू' म्हणायचे नाही, हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्यांना हाक मारतानाही नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेले नाव एकत्र घेतात.

• शब्द : 'ब्रात' म्हणजे भाऊ, आपला भ्राता. 'द्वेर' म्हणजे दार, आपले द्वार. 'अगोन' म्हणजे अग्नी. संस्कृत आणि रशियन या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या असल्याने ही जवळीक दिसते. चहाला तर थेट 'चाय'च म्हणतात.

अवघड काय? 'मलाको' म्हणजे दूध. लिहिताना त्यात तीन 'ओ' येतात, पण पहिले दोन 'अ'सारखे उच्चारतात, कारण जोर शेवटच्यावर असतो. हा जोर कुठे द्यायचा, ते छापील मजकुरात दाखवलेले नसते. शिवाय पायी जाणे आणि वाहनाने जाणे यांसाठी वेगवेगळी क्रियापदे आहेत. आपले एकच 'जाणे' तिथे पुरत नाही.

कुठे शिकता येते?

• जेएनयू, दिल्ली : बीए ऑनर्स रशियन. बारावीनंतर सीयूईटीतून प्रवेश. आधी रशियन यायलाच हवी, अशी अट नाही.

• मुंबई विद्यापीठ, कालिना : रशियनचा स्वतंत्र विभाग आहे.

• सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ : परकीय भाषा विभागात सर्टिफिकेट, डिप्लोमा असे टप्पे आहेत. दुसरी पदवी घेतानाही ते करता येतात.

• शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर : इथेही रशियन शिकवली जाते. इथल्या डॉ. मेघा पानसरे यांनी रशियन-मराठी अनुवादाच्या क्षेत्रात काम केले आहे.

• रशियन हाऊस, मुंबई : पेडर रोडवरील या सांस्कृतिक केंद्रात भाषेचे वर्ग चालतात.

रशिया सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, तर शिक्षण शुल्क माफ होते. भाषा येत नसल्यास मुख्य अभ्यासक्रमाआधी साधारण वर्षभराचा भाषावर्ग असतो. प्रवास आणि विम्याचा खर्च मात्र स्वतः करावा लागतो.

किती शिकले म्हणजे पुरे?

रशियनच्या अधिकृत परीक्षेत ए-१ पातळीसाठी सुमारे ७८० शब्द, ए-२ साठी १,३०० आणि बी-१ साठी २,३०० शब्द धरले जातात. रशियन माध्यमातून पदवीला प्रवेश घ्यायचा, तर बी-१ ही पातळी लागते. इंग्रजी माध्यमातून 'एमबीबीएस' करणाऱ्याने निघण्यापूर्वी ए-१ गाठली, तरी पहिले सहा महिने सुसह्य होतात. कझाकस्तान आणि किर्गिझस्तानला जाणाऱ्यांनाही ती कामी येते, कारण दोन्हीकडे रशियनला अधिकृत स्थान आहे.

भाषेतच पदवी घेतली, तर नोकरीचे काय?

फक्त रशियनच्या पदवीवर नोकऱ्यांची रांग लागत नाही. दुभाषी, अनुवादक, शिक्षक, पर्यटन आणि परराष्ट्र खात्यातील मोजक्या जागा, एवढे थेट पर्याय आहेत. रशियनला दुसऱ्या कौशल्याची जोड दिली की मागणी वाढते. औषधनिर्मिती, संरक्षण सामग्री, कुडनकुलमसारखे अणुऊर्जा प्रकल्प, आयात-निर्यात या क्षेत्रांत विषयही कळणारा आणि भाषाही जाणणारा माणूस लागतो. पदवी बी. फार्म. किंवा बीईची आणि सोबत रशियनचा डिप्लोमा, हा व्यवहारी मार्ग आहे.

आणि संस्कृतीचे काय?

विद्यापीठात भाषेबरोबर पुश्किन, टॉलस्टॉय, चेकॉव्ह येतात. हा रस्ता एकेरी नाही. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवण्यात आला. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या माणसाचा पुतळा आज मॉस्कोच्या ग्रंथालयात आहे.

आज काय करता येईल?

मुलगा किंवा मुलगी यंदा रशियाला जाणार असेल, तर प्रवेश पक्का करण्याआधी एजंटला तीन प्रश्न विचारा. रुग्णालयातले प्रशिक्षण कोणत्या भाषेत होते? पहिल्या वर्षी रशियनचे आठवड्याला किती तास असतात? करार कोणत्या भाषेत आहे आणि त्याचे भाषांतर सहीच्या आधी मिळेल का? उत्तरे लेखी घ्या. आणि ती येईपर्यंत ३३ अक्षरे मोबाइलवर गिरवायला घ्या.