विगटाउनचा साहित्य उत्सव : आधी दुकानं, मग मंडप

वर्षातून दोन दिवस आपल्या शाळांमध्ये पुस्तकांची आठवण हमखास होते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं बसतात, लेझीम होते, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी पुस्तकं परत कपाटात आणि कपाटाची किल्ली खणात. मग आपल्यालाच प्रश्न पडतो, अशा उत्सवाने मुलं खरंच वाचायला लागतात का?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावाकडे आहे. आज त्या गावाची ओळख करून घेऊ.

गाव कसं होतं?

विगटाउन हे गाव नैऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवे भागात, समुद्राच्या खाडीकाठी वसलं आहे. वस्ती जेमतेम हजाराच्या आसपास. एके काळी हे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. पुढे बंदर गाळाने भरलं. १९५० मध्ये प्रवासी रेल्वे बंद झाली, नंतर मालगाडीही थांबली. जवळच्या ब्लॅडनॉख इथला दुधावर प्रक्रिया करणारा कारखाना बंद पडला. १९९३ मध्ये तिथली व्हिस्कीची भट्टीही बंद झाली (ती पुढे पुन्हा सुरू झाली). हाताला काम नाही म्हणून तरुण माणसं बाहेर पडू लागली, दुकानांना कुलपं लागली. कोकणातल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको!

पुस्तकांचं गाव

वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचं गाव आहे. तिथे रिचर्ड बूथ या माणसाने १९६० च्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकानं सुरू केली आणि हळूहळू ते गाव पुस्तकांसाठीच जगभर ओळखलं जाऊ लागलं. तसंच एक गाव आपल्याकडेही असावं, असं स्कॉटलंडमध्ये ठरलं. त्यासाठी सहा गावांमध्ये स्पर्धा झाली. त्यातून विगटाउनची निवड झाली आणि १९९८ पासून ते स्कॉटलंडचं राष्ट्रीय ‘पुस्तकांचं गाव’ झालं. रिकाम्या गाळ्यांत आणि घरांत जुन्या पुस्तकांची दुकानं उघडली.

साहित्य उत्सव सुरू झाला तो त्यानंतर, १९९९ मध्ये. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी पुस्तकांना वर्षभराची जागा मिळाली, उत्सव मागून आला. सुरुवातीला लहान असलेला हा उत्सव आता सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो आणि दहा दिवस चालतो. लेखकांच्या मुलाखती, व्याख्यानं, कवितावाचन, मुलांसाठी खास कार्यक्रम असं सगळं त्यात असतं.

उत्सव चालतो कसा?

उत्सवाची जबाबदारी एका धर्मादाय संस्थेकडे आहे. तिकिटं, देणग्या, प्रायोजक आणि सार्वजनिक अनुदान यांतून पैसा उभा राहतो. पण उत्सव उभा असतो तो स्वयंसेवकांवर. कार्यक्रम भरतात ते गावाच्या चौकातल्या मंडपात आणि १८६२ साली बांधलेल्या जुन्या कचेरीच्या इमारतीत.

शॉन बायथेल हे तिथले एक दुकानदार. त्यांचं जुन्या पुस्तकांचं दुकान स्कॉटलंडमधलं सर्वांत मोठं मानलं जातं. दुकानाच्या वरच त्यांचं घर आहे. उत्सवाच्या दिवसांत घरातला मोठा दिवाणखाना पाहुण्या लेखकांच्या जेवणाखाण्यासाठी आणि विश्रांतीसाठी दिला जातो. आपल्याकडे गावच्या जत्रेत पाहुणा कोणाच्याही ओटीवर जेवायला बसतो ना, तसंच काहीसं.

गावात ‘द ओपन बुक’ नावाचं आणखी एक गमतीचं दुकान आहे. बाहेरगावचा वाचनवेडा माणूस साधारण आठवडाभर त्या दुकानाच्या वरच्या घरात राहतो आणि खालचं दुकान स्वतः चालवतो. त्याला पगार मिळत नाही, उलट राहण्याचे पैसे तोच मोजतो! तरीही नंबर लागायला बराच काळ थांबावं लागतं.

दुसरी बाजूही पाहू

इथे सगळं गोडगोड आहे असं समजू नका. बायथेल यांनी दुकानातल्या दिवसांची रोजनिशी लिहिली आणि ती २०१७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात रोजच्या नोंदीखाली त्या दिवशी किती गिऱ्हाइकं आली आणि गल्ल्यात किती पैसे जमले याचा हिशेब आहे. हिवाळ्यातले आकडे वाचले की पोटात गोळा येतो. पुस्तक चाळून ‘ऑनलाइन स्वस्त मिळतं’ म्हणणारे लोक तिथेही आहेतच. उत्सवाचे दहा दिवस गर्दीचे, बाकीचे दिवस मात्र दुकान उघडून वाट बघण्याचे. पण ते दुकान रोज उघडतं, म्हणून उत्सवाला अर्थ येतो.

आपल्याकडे काय आहे?

‘हे’ गावाचीच प्रेरणा घेऊन सातारा जिल्ह्यातलं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. पुढाकार राज्य शासनाचा असला, तरी पुस्तकं ठेवायला आपल्या घरातल्या खोल्या गावकऱ्यांनी दिल्या. कोकण किनाऱ्यावर, गणपतीपुळ्याजवळ मालगुंड आहे. हे कवी केशवसुतांचं जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे त्यांचं स्मारक उभारलं आणि ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सहल गणपतीपुळ्याला जाणारच असेल, तर मुलांना अर्धा तास मालगुंडलाही न्या.

शाळेत काय करता येईल?

विगटाउनचा क्रम उलटा करू नये, एवढंच. आधी कपाटाचं कुलूप काढायचं. पुस्तकं वर्गात, व्हरांड्यात, मुलांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवायची. ‘द ओपन बुक’सारखं दर आठवड्याला दोन मुलांकडे वाचनालय सोपवायचं. देवघेवीची नोंद तीच ठेवतील आणि कोणतं पुस्तक दर्शनी मांडायचं तेही तीच ठरवतील. काही पुस्तकं फाटतील, एखाद-दुसरं हरवेल. फाटलेलं पुस्तक चिकटवता येतं, पण कोणी न उघडलेल्या पुस्तकाला शेवटी वाळवीच लागते.

पालकांनीही हातभार लावावा. घरी वाचून झालेली पुस्तकं शाळेला द्या आणि महिन्यातून एक तास येऊन मुलांना वाचून दाखवा. बोलीभाषेतली गोष्ट सांगणारी आजी आली, तर फारच छान.

असं वर्षभर चाललं, की मग १५ ऑक्टोबरला ग्रंथदिंडी जरूर काढा. पालखीत कोणती पुस्तकं ठेवायची, ते त्या वेळी मुलंच सांगतील, कारण ती त्यांनी वाचलेली असतील.