माशीने मासा धरायचा, तोही हिमालयात!

आपल्या घरी मासा येतो तो बाजारातून. सुरमई घ्यावी की बांगडा, यापलीकडे शहरातल्या माणसाचा मासेमारीशी संबंध सहसा जात नाही. फार तर एखाद्या तळ्याच्या काठी गळाला गांडूळ लावून तासन् तास बसलेले आजोबा आपण पाहिलेले असतात. ट्राउट नावाच्या माशाची तऱ्हा मात्र निराळी. त्याला गळाला लावायचे ते पिसे, लोकर आणि रेशमाचा धागा यांनी बांधलेल्या नकली माशीने, आणि तेही गुडघाभर गार पाण्यात उभे राहून. ही हौस एकदा जडली की सुटत नाही, असे जाणकार सांगतात. तेव्हा यंदाच्या फराळाबरोबर पुढल्या वर्षीच्या सहलीचा बेतही होऊन जाऊ द्या.

हा मासा मूळचा आपला नव्हे. इंग्रजांना आपल्या मायदेशीचा ट्राउट हिमालयातही हवासा वाटला. १८९९ साली काश्मीरला पाठविलेली अंडी वाटेतच नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती जगली. श्रीनगरातल्या एका गालिचाच्या कारखान्याचे मालक फ्रँक मिचेल यांनी या उद्योगात पुढाकार घेतला होता. गालिचे विणणारा गृहस्थ मासे वाढवतो आहे, ही कल्पनाच मोठी गमतीची! पुढे १९०९ मध्ये काश्मीरची अंडी कुलूला गेली. आज तिथल्या तीर्थन नदीत किंवा बरोटच्या उहल नदीत जो तपकिरी ट्राउट सापडतो, त्याचे घराणे हे असे. अंगावर लाल ठिपके असले तर तो तपकिरी. कुशीवर गुलाबी पट्टा असला तर तो इंद्रधनुषी.

आता मुख्य अडचण. आपल्या सुट्या आणि माशांचे वेळापत्रक यांचे मुळीच जमत नाही! दिवाळीच्या सुटीत जाऊ म्हणाल, तर हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्यांचा विणीचा काळ. काश्मीरचा हंगाम तर साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर एवढाच. मे महिन्यात मुले मोकळी असतात, पण वर बर्फ वितळून मोठ्या नद्या फुगतात आणि गढूळतात. मग माशाला माशी दिसणार तरी कशी? जुलै-ऑगस्टचे नावच काढू नये. २०२३ च्या जुलैत बियासने कुलू-मनालीकडे केवढा अनर्थ केला, ते कोण विसरेल? पाणी निवळते ते सप्टेंबरच्या अखेरीस. गणपतीचे विसर्जन झाले की निघावे, हे आमचे मत. मुलांची शाळा आड येत असेल, तर मेमध्येच जा. पण मोठी नदी सोडून लहान उपनद्या धरा आणि पहाटे, पाणी चढण्यापूर्वी, गळ टाका.

कुटुंब बरोबर असेल तर तीर्थनचे खोरे उत्तम. चंदिगडहून मनालीच्या वाटेवर औटपर्यंत यावे, तिथून बंजारकडे वळावे. पुढे गुशैणीच्या आसपास नदीकाठी घरगुती मुक्काम मिळतात. ज्यांना मासे नकोत त्यांनी खडकावर पाय सोडून बसावे. तेही सुख थोडेथोडके नाही.

पर्वतावरची सरोवरे हवीत तर काश्मीर गाठायला हवे. नारानागची पुरातन देवळे पाहून वर चढत गेले की हरमुख शिखराच्या पायथ्याशी नुंदकोल आणि गंगाबल ही सरोवरे लागतात. गंगाबल साडेतीन हजार मीटरहून उंचीवर आहे. वाट खड्या चढाची. तंबू, तट्टू आणि माहीतगार वाटाड्या हवाच. लहान मुले आणि दमेकरी यांनी या फंदात पडू नये. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामजवळच्या बैसरनला झालेल्या हल्ल्यात महाराष्ट्रातलेही सहा जण गेले. त्यानंतर तिकडची अनेक ठिकाणे बंद ठेवण्यात आली होती. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी कोणती वाट खुली आहे याची सरकारी कचेरीत चौकशी करा. घरच्यांनी नको म्हटले तर वाद घालू नका. मासे कुलूतही आहेत.

परवाना मत्स्यविभागाकडून घ्यावा लागतो. तो दिवसाचा आणि काठीगणिक असतो. किती आणि केवढे मासे ठेवता येतील, तेही तिथेच विचारून घ्यावे. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि सोडूनही तो मरतो.

सामान थोडकेच: नऊ फुटी काठी, रीळ, जाड दोरी आणि तिच्या टोकाला निमुळता होत गेलेला बारीक नायलॉनचा धागा. माशीला वजन नसते. वजन असते दोरीला, आणि दोरीच माशीला उडवत नेते. म्हणून हात बसायला वेळ लागतो. घड्याळाच्या काट्याप्रमाणे काठी मागे एकवर न्यावी, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे, मग पुढे दहावर आणावी. सगळी मेख त्या थांबण्यात आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तेव्हा आपण त्याच्या मागून, खालच्या अंगाने जावे.

याचा सराव घरच्या गच्चीवर किंवा मैदानात आजपासून करता येईल. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा, दहा पावलांवर एक परात ठेवा आणि तुकडा परातीत पडतो का ते पाहा. शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे तेवढे सांभाळा.