करप्याने देशोधडीला लावलेल्या लेकी



हवा थंड आणि ढगाळ झाली, दव वाढले, की बटाट्याच्या पानांवर काळपट चट्टे पडतात. हा करपा तुमच्या ओळखीचा आहे. वेळीच औषध फवारून आपण पीक वाचवतो. पण याच रोगापायी एका देशातल्या हजारो कोवळ्या मुलींना सातासमुद्रापार जावे लागले.

तो देश आयर्लंड. तिथले लहान कूळ धान्य पिकवून जमीनदाराचा खंड भरी आणि स्वतः बटाट्यावर जगे. बटाटाही बहुतेक एकाच वाणाचा, ‘लम्पर’. बेण्यापासून लावलेली ही सारी झाडे एका रक्ताची, म्हणून एक बळी पडले की सारे रान पडे. १८४५ साली करपा आला आणि १८४६ साली जवळजवळ सगळे पीक सडले. मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते; ते १८८५ च्या सुमारास आले. काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली. साधारण तितकीच देश सोडून गेली. धान्य आणि जनावरे मात्र बंदरांतून इंग्लंडला जातच होती.

निराधार मुले सरकारी गरीबखान्यांत भरली. त्यांतल्या ४,००० हून अधिक मुली १८४८ ते १८५० या काळात जहाजाने ऑस्ट्रेलियाला धाडल्या. बहुतेकींचे वय १४ ते १८. मायबहिणींनो, आपल्या घरातली एवढी पोर डोळ्यांपुढे आणा! सोबत एक लाकडी पेटी, तिच्यात दोन झगे, सहा जोड मोजे, दोन जोड बूट. प्रवास तीन-चार महिन्यांचा आणि परतीची वाट नाही.

तिथे त्या घरकामाला लागल्या. ‘यांना कामाचे वळण नाही’ अशी ओरड तिथल्या वर्तमानपत्रांनी केली आणि योजना बंद पडली. पण मुली टिकल्या. अनेकींनी संसार थाटले, लेकरे वाढवली. सिडनीत ज्या इमारतीत त्यांना प्रथम उतरवले, तिथे १९९९ साली त्यांचे स्मारक झाले. काचेवर त्यांच्यापैकी अनेकींची नावे कोरली आहेत.

यातून काय घ्यायचे? बेणे निरोगी आणि प्रमाणित घ्या. एकाच पिकावर, एकाच वाणावर घराचा सारा भार टाकू नका. घरापुरती ज्वारी-बाजरी आणि कडधान्य रानात असू द्या. आणि दुष्काळाने गाव सोडलेले कुटुंब तुमच्या बांधावर काम मागायला आले, तर त्याला कामचुकार ठरवण्याआधी भाकरी द्या. काम ते शिकेल.