करारनाम्यापासून शिवारापर्यंत

वऱ्हाडच्या या पठारी मुलुखाला कर्ज आणि शर्त यांचा परिचय प्रथम जागतिक बँकेने करून दिला असे जर कोणी म्हणेल, तर त्याने इतिहासाचे दप्तर उघडलेलेच नाही असे समजावे लागेल. निजामाच्या राज्यात राहणाऱ्या, परंतु इंग्रजांच्या हुकमतीत वागणाऱ्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेचा पगार थकला, कंपनी सरकारने तो आपल्या तिजोरीतून भरून निजामाच्या नावे मांडला, आणि 1853 च्या तहाने त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांताचा महसूल कंपनीच्या हवाली झाला. त्यात आजचे वाशीम, म्हणजे तत्कालीन सरकारी कागदांतले बाशीम, हेही ओघाने आले. 1860 साली सुमारे 50 लाखांचे देणे माफ होऊन त्याच तहाने गेलेले नळदुर्ग आणि रायचूर दोआब हे मुलूख निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र मिळाले नाही, आणि 1902 मध्ये वार्षिक 25 लाख रुपयांच्या खंडावर ते कायमचे इंग्रजांकडे राहिले. या साऱ्या व्यवहारात ज्यांच्या शेतसाऱ्यातून फेड व्हावयाची, त्या रयतेची सही कोठेही नव्हती.

आता मुलूख गहाण पडत नाहीत. धनको कायदे, कार्यपद्धती आणि हिशेबाची शिस्त मागतो. 2005 साली राज्याच्या पाटबंधारे सुधारणेसाठी जागतिक बँकेने साडेबत्तीस कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आणि सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविणारा कायदा असे दोन कायदे केले. पाणी मोजून द्यावे, पाणी वापर संस्थांमार्फत द्यावे, त्याचा दर स्वतंत्र प्राधिकरणाने ठरवावा, असा तो विचार होता. आणि दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्याने पाणीपट्टी दीडपट भरावी, हे विलक्षण कलमही प्राधिकरणाच्या कायद्यात शिरले. पाण्याचे माप घेता घेता शासनाने शेतकऱ्याचे घरही मोजून घेतले! वाशिमात मात्र या कायद्याला मोजावयास पाणीच थोडे. गोदावरी आणि तापी यांच्या खोऱ्यांमधल्या जलविभाजकावर वसलेला हा जिल्हा. अडाण, अरुणावती, काटेपूर्णा येथे उगम पावतात आणि मोठ्या होण्याच्या आधीच शेजारच्या जिल्ह्यांत निघून जातात. एकबुर्जी, सोनल, अडाण असे मोजके मध्यम प्रकल्प वजा केले, तर बहुतेक शिवार पावसावर आणि विहिरीवर अवलंबून आहे.

म्हणूनच कर्जाची शर्त प्रत्यक्षात कशी वागते हे पाहावयाचे, तर कालव्यापेक्षा कोरडवाहू गावात जावे लागते. 2018 साली जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलरच्या कर्जातून सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला गावोगाव नुसते ‘पोकरा’ म्हणतात, तो पंधरा जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांसाठी होता. एकंदर खर्च सुमारे 4,000 कोटी रुपयांचा, त्यात बँकेचा वाटा सत्तर टक्के आणि राज्याचा तीस. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावी मी हे काम पाहत होतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याचा ताळेबंद रंगविला होता: पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांना किती लागले आणि तूट किती राहिली. हे गणित मांडण्याची रीत मुंबईच्या आयआयटीने घालून दिलेली आहे, आणि ती मला मनापासून आवडली. कारण शिवार फेरीत नाल्याच्या काठाने चालताना ज्या म्हाताऱ्यांनी ‘पाणी कमी झालं’ एवढेच आजवर म्हटले होते, ते आता किती कमी झाले यावर भांडू लागले होते.

व्यक्तिगत लाभाची वाट मात्र निराळी आहे. शेतकऱ्याने सातबारा, आठ-अ आणि आधार देऊन संगणकावर दरखास्त करावी. सरपंचाच्या अध्यक्षतेखालील ग्राम कृषी संजीवनी समितीने तिला मान्यता द्यावी. स्थळपाहणी व्हावी, कृषी कचेरीतून पूर्वसंमती यावी. मग शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने पक्क्या बिलावर तुषार संच किंवा मोटर विकत घ्यावी, ते बिल संगणकावर चढवावे, समूह सहाय्यकाने शेतात उभे राहून जागेच्या अक्षांश-रेखांशासह छायाचित्र काढावे, आणि या सर्वांती अनुदान थेट बँकेच्या खात्यात जमा व्हावे. या शर्तीमागचा हेतू उघड आहे, आणि तो चांगला आहे. पूर्वी खात्याने माल खरेदी करून वाटावयाचा आणि शेतकऱ्याने मिळेल तो पाइप निमूटपणे घरी न्यावयाचा, त्या कारभारात गळती कोठे होते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आता पाइप शेतकरी निवडतो, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ‘स्वतःच्या पैशाने’ या दोन शब्दांपाशी सारी योजना अडखळते. सोयाबीन घरात येऊन विकले जाण्याच्या आत हरभऱ्याची पेरणी उभी राहते. तुषार संच नेमका त्याच वेळी हवा असतो आणि खिसा नेमका त्याच वेळी रिकामा असतो. ज्याच्यापाशी रोकड आहे त्याला अनुदान म्हणजे सवलत. ज्याच्यापाशी नाही त्याने दुकानात उधारी करावी, आणि त्या उधारीचा दर कोणत्याही करारनाम्यात लिहिलेला नसतो. ‘अनुदान येईन तवा येईन, भाऊ, पण दुकानदार थोडाच थांबते!’ असे एक अल्पभूधारक मला सरळ म्हणाला. बँकेचे कर्ज देशाला स्वस्त पडते, राज्याला परवडते, आणि दोन एकरांच्या धन्यापर्यंत पोचता पोचता ते दुकानदाराच्या वहीतले महाग कर्ज होते. चोरी थांबविण्यासाठी घातलेली अट गरिबाकडून आगाऊ भांडवल मागते, आणि हे ठरविणाऱ्यांपैकी कोणाच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही. स्त्रियांची अडचण तर याहून आधीची: प्रकल्प त्यांना प्राधान्य देतो, पण दरखास्तीला उतारा लागतो, आणि पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून असूनही समितीत बसलेल्या बायांपैकी फारच थोड्यांचे नाव त्यावर होते.

दरम्यान प्रकल्पाचा दुसरा टप्पा मंजूर होऊन जिल्हे एकवीस झाले आहेत. मंगरूळपीरकडच्या त्या गावी मी पाहिलेल्या सभेत आधी पैसे घालण्याच्या अडचणीवरच ठराव आला: पूर्वसंमती मिळताच निम्मे अनुदान आगाऊ द्यावे, उरलेले मोका तपासणीनंतर द्यावे. कृषी सहाय्यकाने, हे आपल्या किंवा तालुक्याच्या हाती नाही, आधी खर्च मग अनुदान हा प्रकल्पाचाच नियम आहे, असे नम्रपणे सांगितले. तरीही सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ठराव एकमताने संमत झाला. प्रत कोणाकडे पाठवावयाची असे ग्रामसेवकाने विचारले, तेव्हा मागून कोणीतरी, ‘मुंबईले धाडता का वॉशिंग्टनले?’ म्हणाले आणि सभा हसली. ग्रामसेवकाने मात्र न हसता ‘वरिष्ठ कार्यालयाकडे’ असे लिहून पुढचा विषय पुकारला.