मावळतीच्या काळ्या आकृत्या

नव्वदच्या दशकात हर्णै बंदरावर मावळतीचे फोटो काढायचे, तर कॅमेऱ्यात बहुधा स्लाइड फिल्म असे. फुजीची वेल्व्हिया १९९० साली आली आणि तिच्या गडद केशरी रंगांनी सगळ्यांना वेड लावलं. मात्र उजेड आणि अंधार एकाच वेळी पेलण्याची तिची ताकद जेमतेम पाच स्टॉपची. सूर्याशेजारच्या आकाशावर एक्स्पोजर धरलं, की मासळीसाठी पाण्यात शिरलेली बैलगाडी, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, नांगरलेल्या होड्या आपोआप काळ्याभोर उतरत.

खरी मेहनत जागा शोधण्यात होती. आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा. ५० मिमी लेन्सने फिल्मवर त्याचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका उमटतो, ५०० मिमीने साडेचार मिलिमीटरचा. उभा माणूस सूर्यबिंबाएवढा दिसायला हवा असेल, तर त्याच्यापासून १८० मीटरवर तरी जावं लागतं. म्हणून आम्ही वाळूतून मागे मागे सरकायला शिकलो. बैलाची शिंगं आणि गाडीवानाचा हात यांच्यामध्ये आकाशाची फट दिसेपर्यंत थांबायचं, नाहीतर सगळ्याचा एकच काळा गोळा होई. आणि बिंब क्षितिजाला टेकलं, की हातात उरत सव्वादोन-अडीच मिनिटं.

२००० नंतर डिजिटल कॅमेरे आले. फोटो तिथल्या तिथे बघता येऊ लागला, रोल धुऊन येण्याची वाट बघणं संपलं. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या डावीकडे सुमारे २५ अंशांवर बुडतो, मेअखेर जवळपास तितकाच उजवीकडे. पूर्वी हे वहीत टिपून ठेवावं लागे, पुढे मोबाइलमधलं अ‍ॅप ते आधीच सांगू लागलं.

मग फोनच चार-सहा फोटो एकत्र करून सावल्या उजळू लागला. मावळतीसमोरचे चेहरे दिसायला लागले आणि छायाकृती फिकी पडली. मला ते खटकतं. चेहरा झाकला गेला, की टोपलीच्या भाराने ताठ झालेली मान, वल्ह्यावर वाकलेली पाठ नजरेत भरते. कष्टाचा तो आकार काळ्या रंगातच ठसठशीत उमटतो.

म्हणून नव्याने फोटो काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फोनच्या पडद्यावर आकाशाला बोट लावा, उजेड खाली ओढा आणि माणसं काळी होऊ द्या. फिल्म जे आपसूक करायची, ते आता आपण ठरवून करायला हवं.