पंचाहत्तर ग्रॅम आणि दोन तास

१९७२ ते १९७५ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशात मधुमेह किती आहे, याची पाहणी केली. कलकत्ता, पुणे, अहमदाबाद, दिल्ली, कटक, त्रिवेंद्रम ही शहरं आणि त्यांच्या आसपासची खेडी. चौतीस हजारांवर लोकांना ५० ग्रॅम ग्लुकोज पाजलं, बोटातलं रक्त तपासलं आणि साखर १७०च्या वर गेली तो मधुमेही धरला. शहरात २.१ टक्के निघाले, खेड्यात १.५.

आज कोलकात्यात काय किंवा कोल्हापुरात काय, ग्लुकोज असतं ७५ ग्रॅम आणि रक्त घेतात शिरेतलं. पूर्वी अमेरिकेत १०० ग्रॅम पाजत, युरोपात बऱ्याच ठिकाणी ५०. एकाचे आकडे दुसऱ्याला लागू पडेनात. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ७५ ग्रॅमवर शिक्का मारला. रक्त कुठलं, यानेही फरक पडतो. ग्लुकोज प्यायल्यानंतर बोटातल्या रक्तात साखर जास्त भरते, कारण शिरेपर्यंत पोचेतो वाटेतल्या पेशींनी त्यातली थोडी उचललेली असते. म्हणूनच २.१ हा आकडा आजच्या पाहण्यांशेजारी ठेवून ‘मधुमेह इतक्या पटींनी वाढला’ असा हिशेब मला पटत नाही. वाढ खरी आहे, पण मोजपट्टीही बदलली आहे.

तपासणीची तयारी तीन दिवस आधी सुरू होते, आणि लोक नेमके इथे चुकतात. रिपोर्ट चांगला यावा म्हणून भात, पोळी बंद करतात. होतं उलटंच: पिष्टमय पदार्थांची सवय मोडलेलं शरीर अचानक आलेल्या ग्लुकोजला संथपणे सामोरं जातं आणि साखर उगाच जास्त दिसते. तीन दिवस नेहमीसारखं जेवा. मग रात्रभर, निदान आठ तास, फक्त पाणी.

सकाळी उपाशीपोटी पहिलं रक्त. ते करड्या बुचाच्या नळीत जातं. नळीतही तांबड्या पेशी साखर खातच राहतात. खोलीच्या तापमानाला तासाभरात ५ ते ७ टक्के साखर कमी होते. ते रोखायला नळीत फ्लोराइड असतं, पण त्याचा परिणाम सावकाश होतो. म्हणून नळी ताटकळत ठेवायची नसते.

नंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटर किंवा थोड्या जास्त पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. पावडरीत पाण्याचा अंश धरलेला असेल, म्हणजे ती मोनोहायड्रेट असेल, तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. घड्याळ पहिल्या घोटापासून लावायचं. मग दोन तास बसून राहायचं. फेरफटका नको, विडी-सिगारेट नको. चालणारे स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खोटा उतरतो.

या दोन तासांत ग्लुकोज आतड्यात शोषलं जातं. आतड्यातून निघालेली संप्रेरकं स्वादुपिंडाला चाहूल देतात, इन्सुलिनचा पहिला लोट येतो, यकृत स्वतःची साखर सोडणं आवरतं आणि स्नायू आलेली साखर सामावून घेऊ लागतात. मधुमेहाच्या वाटेवर हा पहिला लोट लवकर मंदावतो. उपाशीपोटीची साखर तेव्हा बिनचूक असू शकते, कारण ती मुख्यतः यकृताचा रात्रीचा कारभार सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं, की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. साखर साठवायची मोठी जागाच अपुरी. अशा माणसाला नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं.

उपाशीपोटी १२६ किंवा वर, अथवा दोन तासांनी २०० किंवा वर, तर मधुमेह. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गरोदर बाईसाठी कसोटी कडक आहे: भारतातल्या सरकारी मार्गदर्शनानुसार, जेवलेली असो वा नसो, तिला ७५ ग्रॅम देतात आणि दोन तासांनी १४० किंवा वर आलं की गर्भावस्थेतला मधुमेह धरतात. इतरांना लक्षणं काहीच नसतील तर एका रिपोर्टवर निदान पक्कं करत नाहीत. दोन तासांचा आकडा एकाच माणसात दिवसागणिक बराच हलतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासून घेतात.