पानाची डावी बाजू

आपल्याकडे पान वाढण्याची एक ठराविक रीत आहे. पानाच्या शिरोभागीं मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचें. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ. आणि मध्यें वरणभात व त्यावर तूप. डाव्या बाजूचे पदार्थ तोंडीं लावण्याचे म्हणून गणले जातात, व म्हणूनच घाईच्या दिवशीं प्रथम काट बसते ती त्यांनाच. भाजी नसली तर घरांत कुरकुर होते. लिंबाची फोड राहिली तर कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. या उपेक्षित बाजूविषयीं, आणि तिच्याहूनहि उपेक्षित अशा एका पानाविषयीं, चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें. तें पान म्हणजे सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गृहिणीचें.

माझ्याच घरची गोष्ट सांगतों. सन १९९८ च्या उन्हाळ्यांत माझ्या पत्नीला जिना चढतांना धाप लागूं लागली. संध्याकाळीं पाय गळून जात. दिवेलागणीलाच डोळे मिटूं लागत. आम्हीं तें कामाच्या श्रमावर घातलें. त्याच वर्षीं मी वर्गांत ‘पाण्डु’ शब्दाचा अर्थ ‘फिकट’ असा सांगून, चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत पांडुरोगाचा स्वतंत्र अध्याय असून त्यांत लोहयुक्त औषधें सांगितलीं आहेत, असें मुलांना मोठ्या ऐटीनें सांगितलें होतें. तोच फिकटपणा रोज मला वाढावयास येत होता, आणि मला दिसत नव्हता!

अखेर डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखें पाहिलीं, व रक्त तपासविलें. प्रौढ स्त्रीच्या रक्तांत, ती गर्भवती नसतां, शंभर मिलिलिटरमागें निदान १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असावें. हिचें आठच भरलें. डॉक्टरांनीं विचारलें, “वहिनी, तुम्ही जेवतां केव्हां, आणि तुमच्या पानांत काय असतें?” ती संकोचानें म्हणाली, “सर्वांचें आटोपलें कीं दोन वाजतां बसतें. भात असतो, तळाची आमटी असते, लोणचें असतें. कोशिंबीर तोंवर संपलेली असते. मग कपभर चहा घेतें.” वीस माणसांच्या पंगतींत कोणाला काय हवें तें न विचारतां जाणणाऱ्या त्या बाईच्या पानांत काय असतें, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें.

डॉक्टरांनीं जें समजावून दिलें त्याचा सारांश असा. रक्ताला तांबडा रंग देणारें हिमोग्लोबिन शरीरांत बनावयास लोह लागतें. डाळी, कडधान्यें, बाजरी, पालेभाज्या यांत लोह असतें खरें. परंतु मांसांतील लोहाच्या मानानें तें शरीरांत फार थोडें शोषलें जातें. म्हणून शाकाहारी माणसानें किती लोह खाल्लें यापेक्षां किती पचनीं पडलें हें पाहावें. येथें डाव्या बाजूचें महत्त्व कळतें. लिंबूं, आवळा, पेरू, कच्च्या कोबीची वा टोमॅटोची कोशिंबीर यांत क जीवनसत्त्व असतें, आणि तें त्याच जेवणांत पोटांत गेलें तर वनस्पतींतील लोहाचें शोषण वाढतें. याउलट चहांतील कषाय द्रव्यें त्या शोषणाला अडथळा करितात. वरणभातावरचें लिंबूं लोहाला दार उघडून देतें. जेवणावरचा चहा तेंच दार लावून घेतो.

यांत खर्च नाहीं, थोडी नेमकेपणाची गरज आहे. लिंबूं पानांतच पिळावें. तें आमटीबरोबर उकळलें तर क जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो. चहा जेवणानंतर निदान तासाभरानें घ्यावा. कडधान्यें मोड आणून खावीं. मोड येतांना, लोह अडवून धरणारें धान्यांतील एक द्रव्य कमी होतें. पालेभाजी लोखंडी कढईंत केल्यास कढईंतील थोडें लोह भाजींत उतरतें. डावी बाजू म्हणजे केवळ लोणचें व पापड मात्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून, म्हणजे सुमारें एका चहाच्या चमच्याहून, कमी मीठ खावें. आणि या दोन पदार्थांतून तें नकळत पुष्कळ जातें.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लिंबाच्या फोडीनें जडलेला रक्तक्षय बरा होत नाहीं. माझ्या पत्नीला कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाचाच असतो असेंहि नाहीं. शाकाहारी कुटुंबांत दूधदहीं कमी पडल्यास बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव होऊं शकते, व कधीं रक्तस्राव हें कारण असतें. म्हणून आधीं तपासणी, मग औषध. आपल्या मनानें गोळ्या घेऊं नयेत.

हा प्रश्न एका घरचा नाहीं. सन २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. याचीं कारणें अनेक आहेत. परंतु त्यांतील एक कारण आपल्या स्वयंपाकघरांत आहे, व तें दूर करणें आपल्या हातीं आहे.

त्या दिवशीं घरीं परत आल्यावर मी आईला सर्व सांगितलें, आणि यापुढें सून आपल्या पंगतीलाच बसेल असें म्हटलें. मला वाटलें, तिला हें रुचणार नाहीं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, “आम्हांला असें कोणी कधीं विचारलें नाहीं रे.” दुसऱ्या दिवशीं तिनें स्वतः पानें मांडलीं, आणि लिंबाची पहिली फोड सुनेच्या पानांत वाढली.

वाचकहो, आज रात्रीं जेवून उठण्यापूर्वीं आपल्या घरांत सर्वांत शेवटीं कोण बसतें तें पाहा. आणि तिच्या पानाची डावी बाजू रिकामी नाहीं ना, हेंहि पाहा.